विक्रेत्यानं फक्त चांगलंच लिहावं

एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात बसून बाईंनी एक काम मन लावून केलं: लोकांना दाखले लिहून दिले. फीच्या पावत्या, हजेरीपट, पगारपत्रकं हीही त्यांच्याच टेबलावर असत, पण ती कामं हातानं व्हायची. दाखला डोक्यानं व्हायचा. मुख्याध्यापक येत, खुर्चीत आपापल्या मापाचा खड्डा पाडत आणि निवृत्त होऊन जात. बाई तिथेच. शेवटी त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं. शिपायापासून पालकांपर्यंत सगळे त्यांना दाखलेबाई म्हणत.

चारित्र्याच्या दाखल्यात वाईट लिहायची सोय नसते. पोराचं नुकसान होईल म्हणून नव्हे, पालक येऊन टेबलावर हात आपटतात म्हणून. त्यामुळे दाखलेबाईंनी स्वतःची एक भाषा कमावली होती. दुसऱ्याच्या डब्यावर डल्ला मारणाऱ्या मुलाला त्या लिहीत, 'वाटून खाण्याची वृत्ती.' मास्तरांच्या सायकलची हवा सोडणारा, 'यंत्रांची उपजत आवड.' जिनं तीन वर्षांत एकदाही तोंड मिटलं नाही ती, 'विचार मांडण्यात निःसंकोच.' पालक खूश होऊन दाखला घेऊन जात. पुढच्या शाळेतला मुरलेला क्लार्क तो वाचून हळूच कपाळाला हात लावी.

पण रजिस्टर उघडून बघितल्याशिवाय बाई पेनाचं टोपण काढत नसत. एकदा संस्थेच्या चेअरमननी भाच्यासाठी दाखला मागितला. वर म्हणाले, "रजिस्टर कशाला? मी सांगतोय ना."

"तुम्ही सांगितलंत ते ऐकलं साहेब," बाई म्हणाल्या. "आता रजिस्टर काय सांगतंय तेही ऐकते."

भाचा त्या शाळेत कधी नव्हताच, असं निघालं.

बाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी शाळेनं जुनी अडगळीची खोली रिकामी करायला काढली. नव्या मुख्याध्यापकांना तिथे कॉम्प्युटर ठेवायचे होते. टाकांची निबं, पितळी दौती, भूमितीच्या पेट्या, नकाशे, पृथ्वीचा गोल, शाळेची जुनी हातघंटा असं सगळं भंगारवाल्याच्या गाडीवर चढायच्या बेतात असताना बाईंनी भंगाराच्या भावापेक्षा थोडे जास्त पैसे मोजले, रीतसर पावती फाडून घेतली (ती पावती त्यांनी स्वतःच लिहिली, कारण ऑफिसात दुसऱ्या कुणाला ती लिहिता येत नव्हती) आणि तीन कपाटं भरून माल घरी आणला.

घरी त्या आणि त्यांची भावजय, दोघीच. भाऊ जाऊन आठ वर्षं झाली होती. भावजय जन्मभर हॉस्पिटलात जखमा धुऊन पट्ट्या बांधायच्या खोलीत कामाला होती, त्यामुळे रक्त, किंकाळ्या आणि दाखलेबाई यांपैकी कशानंही ती दचकत नसे. कपाटं दारातून आत येत नव्हती तेव्हा ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"वन्सं, शाळा सुटली ना तुमची? मग ती पाठीमागून घरी का आली?"

"हे सगळं विकणार आहे मी."

"कुणाला?"

"ज्यांना हवं असेल त्यांना."

"असा माणूस मला एकदा दाखवा. तपासून घेते."

असा माणूस होता. एक नव्हे, पुष्कळ होते. खालच्या मजल्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं बाईंना मोबाइलवर लिलावाच्या एका साइटवर खातं उघडून दिलं आणि त्यांनी पहिली वस्तू लावली: निबांची न उघडलेली डबी. आठवड्यानं रविवारी दुपारी तीन वाजता लिलाव संपायचा होता. पावणेतीनला डबीची किंमत एका चहाइतकी होती. मग कुठल्या तरी दोन अनोळखी माणसांची त्या डबीवरून जुंपली. दोघी नणंद-भावजया एका खुर्चीवर अर्ध्या-अर्ध्या बसून बघत होत्या. आकडा वाढला की भावजय बाईंच्या मांडीवर थाप मारी. तीन वाजले तेव्हा बाईंची मांडी लाल आणि डबी चांगल्या चपलांच्या जोडाच्या भावाला गेलेली.

"निबं आहेत का हिरे?" भावजय म्हणाली. "दुसरी डबी काढा."

पार्सलं बांधायचं काम तिनं आपणहून घेतलं. मोडलेल्या हाडाला बांधावं तशी ती वस्तू बांधायची. आधी कापूस, मग पुठ्ठ्याच्या दोन फळ्या, मग चिकटपट्टीचे तिरपे वेढे. एका गिऱ्हाइकानं लिहिलं, 'दौत सुखरूप मिळाली. उघडायला पाऊण तास आणि एक शेजारी लागला.'

सगळं छान चाललं होतं, फक्त हाती येणारे पैसे आणि लिलावाचा आकडा यांची कधी गाठ पडत नव्हती. वस्तू लावली की साइट पैसे घेई. विकली गेली की शंभरातले तेरा घेई. गिऱ्हाइकाचे पैसे बाईंपर्यंत पोचवले म्हणून वेगळे घेई. ते एक वेळ समजण्यासारखं होतं. पण टपालखर्चातूनही तेरा टक्के कापलेले बघून बाईंचा आवाज चढला.

"टपाल पोस्टमननं नेलं, पैसे मी भरले, यांनी काय केलं? पार्सलाला निरोप दिला?"

"सासू आहे ती," भावजय शांतपणे म्हणाली. त्या दिवसापासून घरात साइटचं नाव सासूबाई पडलं. "आपण राबायचं, तिनं वाटा घ्यायचा, रोज नवा नियम काढायचा. येणाराजाणारा आपल्याला नावं ठेवणार आणि आपण वर तोंड करून बोलायचं नाही."

"अगं, तुझी सासू म्हणजे माझी आई."

"मी कुणाचं नाव घेतलं का?"

नियम मात्र खरोखरच सासूला लाजवणारे होते. भूमितीच्या पेट्या लावल्या, दोन तासांत खाली उतरवल्या गेल्या. कारण: टोकदार शस्त्र. खडूंचे खोके लावले. कारण: अज्ञात पांढरी पूड. पृथ्वीच्या गोलाचं तर वेगळंच. त्यावरचे दोन-तीन देश आता जगात राहिले नव्हते, म्हणून 'या वस्तूवरील माहितीमुळे ग्राहकाची दिशाभूल होऊ शकते.' बाईंनी साइटच्या मदतकेंद्रात जाऊन तक्रार टाइप केली. समोरून लगेच उत्तर आलं, कारण समोर माणूस नव्हता.

'नमस्कार! मी तुमची मदतनीस. मी तुम्हाला कशी मदत करू?'

'माझा कंपास परत लावा.'

'तुम्हाला दिशा शोधण्यात मदत हवी आहे का?'

'नको. दिशा मला ठाऊक आहे. तुम्हाला हवी असेल तर सांगते.'

'धन्यवाद! तुमची अडचण दूर झाली का?'

'नाही.'

'ऐकून आनंद झाला! आमच्या सेवेला किती तारे द्याल?'

बाईंनी मोबाइल उशीखाली ठेवला आणि उशीवर बसल्या.

तरी हे सगळं त्यांनी गिळलं. एकतीस वर्षं शिक्षणखात्याची परिपत्रकं वाचलेल्या बाईला नियमांचं काय भय? खडूंना त्यांनी 'फळ्यावर लिहायच्या कांड्या' म्हटलं आणि ते गेले. कंपास 'वर्तुळ काढायचं साधन' म्हणून गेला. गोल मात्र कशानंच जाईना, तो खिडकीत राहिला. मग आलं घंटेचं प्रकरण.

शाळेची पितळी हातघंटा चांगल्या किमतीला गेली. घेणाऱ्यानं साइटवर स्वतःचं नाव 'शाही संग्राहक' असं ठेवलं होतं. एकोणीस दिवसांनी शाही संग्राहकानं कळवलं की वस्तू वर्णनाप्रमाणे नाही. साइटनं बाईंना काही न विचारता त्याचे पैसे परत केले, परतीचं टपाल बाईंच्या खात्यातून कापलं, आणि चार दिवसांनी पार्सल आलं. भावजयीनं उघडलं. आत सायकलची घंटी. गंजलेली.

भावजयीनं अंगठ्यानं खटका दाबून पाहिला. 'खर्र' झालं.

"वन्सं, एवढे दिवस राबून आपल्याला काय मिळालं, कुणी विचारलं तर आता खरं खरं सांगता येईल."

"बोलू नकोस."

"घंटा."

"म्हटलं ना, बोलू नकोस!"

शाही संग्राहकानं वर एक तारा दिला होता आणि लिहिलं होतं, 'विक्रेती उर्मट.' बाईंनी उलट शेरा लिहायला घेतला. 'चोर' हा शब्द पुरा व्हायच्या आत पडद्यावर लाल पट्टी आली: 'विक्रेत्यानं खरेदीदाराबद्दल फक्त चांगलंच लिहावं. कृपया सकारात्मक शब्द वापरा.' नियमच होता तसा. गिऱ्हाइकानं विक्रेत्याला काहीही म्हणावं, विक्रेत्यानं गिऱ्हाइकाचं कौतुक करावं किंवा गप्प बसावं.

बाईंनी तो नियम पुन्हा एकदा मोठ्यानं वाचला. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते भावजयीनं निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी चष्मा पुसला, पाठ ताठ केली, शाही संग्राहकाच्या परतीच्या अर्जाची तारीख आणि दोन्ही पार्सलांची वजनं कागदावर उतरून घेतली आणि लिहिलं:

'दाखला देण्यात येतो की, सदर ग्राहक अत्यंत उदार असून त्यांनी एक घंटा नेऊन दुसरी आणून दिली. वजनाचा मोह त्यांना नाही. दोन किलोच्या जागी पाव किलोत ते समाधानी असतात. पितळेचं लोखंड करण्याची दुर्मीळ विद्या त्यांना अवगत आहे. एकोणीस दिवस विचार करून निर्णय घेण्याचा संयम वाखाणण्यासारखा. ज्या विक्रेत्याकडे ते जातील त्याच्या कायम स्मरणात राहतील. त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

यंत्रानं तपासलं. उदार, समाधानी, दुर्मीळ, संयम, शुभेच्छा. हिरवी खूण आली आणि शेजारी एक हसरा चेहरासुद्धा.

साइटवर विक्रेत्यांनी एकमेकांशी बोलायचं एक पान होतं. तिथे लोक टक्केवारीला शिव्या देत आणि साइट त्या पुसत असे. कुणीतरी बाईंचा दाखला तिथे उतरवून टाकला, आणि संध्याकाळपर्यंत तो शेकडो जणांनी वाचला. शाही संग्राहकानं दोन दिवसांत आपलं नाव बदलून 'साधा ग्राहक' असं ठेवलं. मग विनंत्या सुरू झाल्या. चष्म्याच्या जुन्या फ्रेमा विकणाऱ्या बाईनं लिहिलं, 'ताई, एकानं फ्रेम वर्षभर वापरून, नंबर वाढल्यावर परत केली. त्याला दोन ओळी लिहून द्या ना.' बाईंनी तिच्याकडून तारखा मागवल्या, फोटो मागवले, आणि लिहून दिलं: 'दूरदृष्टीत दिवसेंदिवस वाढ.' नाणी विकणारा आला, खेळण्यातल्या मोटारी विकणारा आला. पैसे बाई घेत नसत. लोक चिकटपट्टीची रिळं आणि पुठ्ठे पाठवत, आणि भावजय ती बँकेत ठेवी ठेवाव्यात तशी पलंगाखाली रचत असे.

"पेन्शनीत गेलेली बाई परत कामावर रुजू झाली," ती शेजारणीला सांगायची. "आणि पगारात पुठ्ठे."

बाई खूश होत्या. उगीच कशाला खोटं बोला, फुशारल्याच होत्या. सकाळी दात घासायच्या आधी त्या आपल्या दाखल्यांवर कोण काय म्हणालं ते बघत. विनंत्या एवढ्या येऊ लागल्या की तारखा मागवणं मागे पडलं. फोटो तर बाई विसरूनच गेल्या. कोणी म्हटलं 'गिऱ्हाईक लबाड', की बाईंचं पेन सुटे.

त्याच सुमारास जुने रेडिओ विकणाऱ्या एकाचा निरोप आला. त्याचा रेडिओ एका न्हाव्यानं घेतला होता, आणि चालत नाही असं खोटंच सांगून पैसे परत घेतले होते. बाईंनी तिथल्या तिथे लिहून दिलं: 'कर्णेंद्रिय इतकं तयार की वाजणाऱ्या रेडिओतही यांना शांतता ऐकू येते. हातचलाखी व्यवसायातच असल्यानं खिसा आणि केस दोन्ही सफाईनं कापतात.' लोक पोट धरधरून हसले. रेडिओवाल्यानं खाली मुद्दाम लिहिलं, 'खुद्द दाखलेबाईंच्या लेखणीतून.'

पंधरा दिवसांनी बाईंनी विकायला लावलेल्या एका लाकडी फूटपट्टीखाली, गिऱ्हाइकानं प्रश्न विचारायच्या चौकटीत, निरोप आला. फूटपट्टीबद्दल त्यात काही नव्हतं.

'बाई, मी तो न्हावी. तुमचा दाखला वाचला. भाषा फार छान आहे, दुकानात मोठ्यानं वाचून दाखवली. पण तो माझा नाही. रेडिओ आतून रिकामा होता. फोटो पाठवतो. माझ्या दुकानात दोन खुर्च्या आहेत आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक. त्या बाकावरच्या लोकांसाठी रेडिओ हवा होता. आता तो दाखला वाचून चार विक्रेत्यांनी मला बोली लावायला बंदी केली आहे. तुमची तक्रार करायची नाही. फक्त तुम्हाला माहीत असावं, म्हणून.'

फोटोत रेडिओचं पाठचं झाकण काढलेलं होतं. आत एक वायर, एक मेलेलं झुरळ आणि बरीचशी हवा.

बाई त्या दिवशी जेवायला बसल्या आणि उठल्या. भावजयीनं ताटाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"काय झालं?"

"खोटा दाखला दिला."

"चालायचंच. त्या रेडिओवाल्यानं तुम्हाला फसवलं."

"त्यानं सांगितलं, मी ऐकलं. मी बघितलं का? चेअरमनला तोंडावर सांगणारी मी, आणि कोण कुठला रेडिओवाला, दोन माणसं 'वा' म्हणाली म्हणून..." एकतीस वर्षांत त्यांनी हजारो दाखले लिहिले होते. लबाडांना गोड लिहिलं होतं, मठ्ठांना मोघम लिहिलं होतं, पण चांगल्याला वाईट कधी लिहिलं नव्हतं. भावजयीनं फार समजूत घातली नाही. तिला जखमा ठाऊक होत्या. काही नुसत्या धुऊन उघड्या ठेवायच्या असतात. तिनं ताट झाकून ठेवलं आणि भांडी घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी न्हाव्याची माफी मागितली, चार साध्या ओळींत. मग रेडिओवाल्याला कळवलं की तो शेरा काढून टाका. त्याचं उत्तर आलं, 'अहो ताई, मनावर काय घेता? लोकांना आवडला. आणि पाठचं झाकण कोण उघडून बघतं!' बाईंनी तीनदा कळवलं. तिसऱ्यांदा त्यानं नुसता हसरा चेहरा पाठवला.

बाईंनी विक्रेत्यांच्या पानावर जाऊन लिहिलं की न्हाव्याचा दाखला चुकीचा आहे, न बघता लिहिला, चूक माझी. सगळ्यांना वाटलं हाही विनोदच. 'काय लिहिता ताई!' म्हणून आणखी टाळ्या आल्या. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. गोड शब्दांत उलटं बोलायची एवढी सवय त्यांनी लोकांना लावली होती की त्यांचं सरळ बोलणं कुणाला सरळ वाटेना.

मग त्यांच्या डोक्यात आलं: नियम विक्रेत्याला आहे. गिऱ्हाईक काहीही लिहू शकतं.

रेडिओवाल्याकडची सगळ्यांत स्वस्त वस्तू म्हणजे आवाज वाढवायचं एक काळं बटण. बाईंनी ते विकत घेतलं. आठ दिवसांनी आलं. उत्तम होतं, घासूनपुसून लखलखीत, कागदात नीट गुंडाळलेलं.

"आता?" भावजय म्हणाली. "बटण तर चांगलं निघालं."

"ते माझं दुर्दैव."

बाई लिहायला बसल्या. सकाळी दहाला बसल्या त्या साडेबारापर्यंत. हात आपोआप 'सदर विक्रेते' कडे वळायचा, 'वाखाणण्यासारखे' कडे वळायचा. त्या खोडत. आयुष्यात पहिल्यांदा वाईटाला वाईट म्हणायचं होतं आणि शब्द सापडत नव्हते. स्वयंपाकघरातून भावजय ओरडली, "मला येऊन सांगा काय झालं ते. जसं सांगाल तसंच लिहा." शेवटी तसंच लिहिलं:

'बटण चांगलं आहे. माणूस नाही. यानं एका न्हाव्याला रिकामा रेडिओ विकला, आणि तोच लबाड आहे असं माझ्याकडून लिहून घेतलं. मी न बघता लिहिलं. न्हाव्याची काही चूक नाही. याच्याकडून रेडिओ घेऊ नका.'

एक तारा. लाल पट्टी आली नाही. हा मात्र कुणाला विनोद वाटला नाही. चष्म्याच्या फ्रेमावाली दुसऱ्याच दिवसापासून विक्रेत्यांना सांगत सुटली. त्याच रेडिओवाल्याकडून पोकळ खोकी घेतलेले आणखी दोघे पुढे आले. न्हाव्यावरची बंदी चौघांपैकी तिघांनी उठवली. चौथ्याला निरोप वाचायची सवय नव्हती. रेडिओवाल्यानं शेरा काढला, आणि काढता काढता बाईंवर तक्रार ठोकली.

तक्रार बरोबर होती, हे बाईंनाही कबूल करावं लागलं. नियम होता: शेरा घेतलेल्या वस्तूबद्दलच असावा. वस्तू होती बटण. बाईंनी लिहिलं होतं माणसाबद्दल. शुक्रवारी सकाळी पडद्यावर आलं, 'शेऱ्यांच्या सुविधेचा गैरवापर केल्याबद्दल आपलं खातं कायमचं बंद करण्यात येत आहे. आमच्यासोबत प्रवास केल्याबद्दल धन्यवाद.'

शाही संग्राहक मोकळा. रेडिओवाला मोकळा, फक्त एक तारा खाली आलेला. टोमण्यांचे चाळीस दाखले जागच्या जागी, हिरव्या खुणांसकट. आणि एकुलत्या एक सरळ वाक्यासाठी बाई बाहेर. चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढंच भावजय म्हणाली, आणि पुढे आणखी बरंच म्हणाली ते इथे सांगण्यासारखं नाही.

बाईंनी दाद मागितली. यंत्राशी अकरा वेळा बोलून झाल्यावर बाराव्या वेळी त्यांनी 'माणूस', 'माणूस', 'माणूस' एवढंच टाइप केलं, आणि काय चमत्कार, फोन वाजला. पलीकडे एक थकलेली मुलगी होती.

"मॅडम, मी तुमची केस वाचली. निर्णय बदलता येणार नाही. सॉरी."

"तुला पटतंय का गं?"

"मॅडम, फोन रेकॉर्ड होतोय." मग आवाज खाली करून म्हणाली, "तुमचे दाखले आम्ही इथे सगळे वाचतो. घंटेचा माझ्या टेबलापाशी चिकटवलाय."

"मग तेवढ्यासाठी तरी काही करशील?"

"नाही करता येत मॅडम. खरंच. पण एक सांगू? फोन ठेवल्यावर तुम्हाला तारे विचारतील. पाच दिलेत तर बरं होईल. चारला पण आमचे पैसे कापतात."

बाईंनी फोन ठेवला. तारे विचारले गेले. पाच दिले. खाली लिहायची चौकट होती. त्यात लिहिलं: 'मुलगी चांगली आहे. हिच्या हातात काही नाही.'

"असं लिहून तिची नोकरी घालवाल," भावजय म्हणाली. बाईंनी दुसरं वाक्य खोडलं.

कपाटं अजून अर्धी भरलेली होती, आणि पलंगाखाली वर्षभर पुरतील एवढे पुठ्ठे. तेव्हा भावजयीनं स्वतःच्या नावानं खातं उघडायचं ठरवलं. आता साइटनं नवा नियम काढला होता: विक्रेत्यानं चेहऱ्याचा फोटो पाठवावा. झेरॉक्सवाल्याच्या दुकानात पांढऱ्या भिंतीपुढे तिला उभं केलं. पहिला फोटो परत आला: चेहऱ्यावर सावली. दुसरा परत आला: डोळे पुरेसे उघडे नाहीत. तिसरा: चेहऱ्यावर हावभाव दिसत आहेत.

"हावभाव नकोत म्हणे," झेरॉक्सवाला म्हणाला. "काकू, मन एकदम कोरं करा. कशाचाच विचार करू नका."

"चाळीस वर्षं संसार केला तो कसा केला असं वाटतं तुला?" भावजय म्हणाली आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. चौथा फोटो तिथल्या तिथे पास झाला.

बाईंनी वर्णनं लिहायची तयारी दाखवली. भावजय म्हणाली, नको, तुमच्या लिहिण्यानं एक खातं गेलंय, हे मी चालवते. आणि पहिलीच वस्तू तिनं लावली: 'डस्टर. लाकडी. एका बाजूनं झिजलंय. फळा पुसतं.' एवढंच. ते वाचून बाईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी निदान 'अनेक वर्षांच्या ज्ञानदानाचा साक्षीदार' एवढं तरी घालू दे म्हणून विनवलं. भावजयीनं साफ नकार दिला.

डस्टर रविवारी दुपारी विकलं गेलं, बाईंनी मनात धरलेल्या किमतीच्या दुपटीला. घेणाऱ्यानं लिहिलं, 'फळा पुसतं. बरोबर सांगितलं होतं.'

बाई तो शेरा दोनदा वाचून म्हणाल्या, "'झिजलंय'वरचा अनुस्वार तेवढा बरोबर दिला होतास."

"कळलं," भावजय म्हणाली. "दोरी कुठंय? आणि इथे बोट धरा, गाठ मारायचीय."